झरोक्यावरचा पत्रा

चाळण्या करणाऱ्या दादांना सगळी गल्ली दादाच म्हणायची, कारण त्यांची धाकटी बहीण त्यांना तशी हाक मारायची आणि तिचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पत्र्याला भोकं पाडणं हा दादांचा धंदा. पिठाची चाळणी, धान्याची चाळणी, गवंड्याची वाळूची चाळणी, कुठली भोकं किती बारीक हे त्यांच्या हाताला पाठ होतं. वयाच्या बासष्टाव्या वर्षीही सकाळी आठच्या ठोक्याला त्यांची हातोडी सुरू व्हायची, आणि शेजाऱ्यांना घड्याळ बघावं लागायचं नाही.

बहीण त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. तिने लग्न केलं नाही, भाऊ-वहिनींजवळच राहिली. बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसली म्हणून गावाने तिचं नाव चौकशीताई ठेवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध एक काळा डाग होता. समोरच्या माणसाचे तिला कान दिसायचे, नाक-तोंड डागात जायचं. छापलेलं वाचता येत नाही म्हणून तिने सगळं वेळापत्रकच पाठ करून टाकलं होतं. डोळे शाबूत असलेले तिचे साहेब फळ्यापुढे उभे राहून गोंधळायचे आणि शेवटी तिलाच विचारायचे.

गावातून दिसणारी ग्रहणंही तिला गाड्यांसारखीच पाठ. वहिनींनी पेपरातली बातमी एकदा वाचून दाखवली की काम झालं. अमुक ग्रहण आपल्या गावाला थांबत नाही, तमुक थांबतं पण चंद्र उगवेपर्यंत निम्मं सुटलेलं असेल, असं ती खिडकीतून सांगते तशा सुरात सांगायची. चंद्रग्रहण तर तिने एकही सोडलं नाही. गच्चीवर जाऊन मान वाकडी करायची आणि डोळ्याच्या कडेने चंद्र बघत बसायची. दादा सोबतीला जायचे, पण जिन्याच्या पायरीवर पाठ फिरवून बसायचे.

त्याला कारण होतं. दादा बारा वर्षांचे आणि ती आठ वर्षांची असताना गावातून मोठं सूर्यग्रहण दिसलं होतं. दादांनी कंदिलावर एक काच धरून काजळीने काळी केली, स्वतः क्षणभर बघितलं आणि मग काच बहिणीच्या हातात देऊन ते मित्रांकडे पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला म्हणाली, आई, तुझ्या तोंडावर काय लागलंय. तो डाग कधीच गेला नाही. डॉक्टरांनी हात टेकले. फळ्यावरचं दिसेना म्हणून तिची शाळा सुटली, आणि दादांनीही कोणी न सांगता शाळा सोडून वडिलांची हातोडी हातात घेतली. गणितात पहिला येणारा मुलगा चाळण्या का ठोकायला लागला, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. घरात सगळ्यांना कळलेलंच होतं.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तीन छोटी सूर्यग्रहणं गावाला थांबून गेली, आणि तिन्ही वेळा दादांनी काही ना काही निमित्त काढून बहिणीला घरात अडकवलं. यंदाचं मात्र मोठं होतं. सूर्याचा जवळजवळ सगळा घास, तोही संध्याकाळी पाचच्या सुमाराला, ऐन पश्चिमेला. महिनाभर आधीच ताईने जेवताना जाहीर केलं की या वेळी मी बघणार. खिडकीवर रोज येणाऱ्या एका शिक्षिकेने तिला ग्रहणाचा कागदी चष्मा आणून दिला होता. यानंतरचं सत्तावीस वर्षांनी आहे, तेव्हा मी पंच्याऐंशीची असेन, असं म्हणून तिने आमटी वाढून घेतली. दादा पान अर्धवट टाकून उठले.

चष्मा चांगला होता, शिक्षिकेने चार वेळा समजावून सांगितलं होतं. पण दादांचा एका काचेने असा घात केला होता की दुसऱ्या कशावर विश्वास बसेना. डोळ्यांच्या कडेला उरलेली तेवढी नजरही गेली तर, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. अखेर ग्रहणाच्या दिवशी त्यांनी चष्मा तिच्या पिशवीतून काढून आपल्या अवजारांच्या पेटीत लपवला. मग चारला बसस्थानकावर जाऊन धडधडीत खोटं बोलले. मोठी मागणी आली आहे, बारीक आणि मध्यम चाळण्या एकात एक मिसळल्या आहेत, त्या तुझ्याच बोटांनी निवडता येतील, अर्ध्या तासाचं काम आहे.

बोटांनी भोकं ओळखण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांच्या दुकानात आली. ती आत येताच दादांनी शटर खाली ओढलं. शटरच्या वर एक झरोका होता, त्यातून पश्चिमेचं ऊन आत यायचं. दादांनी शिडी लावली, कोपऱ्यातला हाताला आला तो पत्रा उचलला आणि झरोक्यावर बसवून चारी बाजूंनी खिळे ठोकले. जागा काळोखी झाली. ताई स्टुलावर बसली होती, तिने पिशवी चाचपली आणि तिला सगळं कळलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मांडीवरची चाळणी खाली ठेवली आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली. दादा शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. बाहेर गल्लीत माणसं जमल्याचा गलका येत होता. अर्धा तास तसाच गेला.

मग ताईने मान वाकडी केली. तिने विचारलं, झरोक्याला कुठला पत्रा लावलास. दादा म्हणाले, कोरा. ती म्हणाली, उठ आणि भिंतीकडे बघ.

पत्रा कोरा नव्हता. दादांची एक जुनी सवय होती. भोक पाडायचा नवा पंच आणला किंवा जुन्याला धार लावली की पहिलं भोक ते एका ठरलेल्या पत्र्यावर पाडून बघायचे, प्रत्येक भोक आधीच्यापासून वीतभर लांब. त्या पत्र्यावर अशी आठ भोकं होती. चाळण्या करून करून आयुष्य गेलेल्या माणसाने ऊन अडवायला नेमका भोकांचा पत्रा लावला होता. आणि झरोक्यासमोरच्या त्या मागच्या भिंतीवर, टांगलेल्या चाळण्यांच्या खाली, चहाच्या कपाच्या तोंडाएवढे आठ उजेडाचे तुकडे पडले होते. भोकं गोल होती, पण तुकडे गोल नव्हते. आठही एकाच बाजूने खाल्लेले होते.

“दादा, हा सूर्य आहे,” ताई म्हणाली. “चष्मा देणाऱ्या बाई सांगत होत्या, बारक्या भोकातून त्याचं चित्र पडतं म्हणून. भिंतीकडे बघून कोणाचे डोळे जात नाहीत.”

दादा उभे राहिले खरे, पण त्यांची मान सवयीने शटरकडे वळली. ताईने त्यांचा दंड धरला आणि त्यांना भिंतीसमोर आणलं. म्हणाली, मला कडा दिसतात, मधलं दिसत नाही, तू सांग. पन्नास वर्षांत ज्या माणसाने एकाही ग्रहणाकडे मान वर केली नव्हती, तो आता भिंतीला नाक लावून बघायला लागला. निम्मा उरलाय, दादा सांगू लागले. आता नखाएवढा. आता कोयत्याच्या पात्यासारखा बारीक. ताई मान या बाजूला, त्या बाजूला वळवून प्रत्येक तुकडा कडेकडेने टिपत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की दादांना भिंत सोडून तिच्याकडेच बघावंसं वाटलं. आपण हे तिच्यापासून लपवायला निघालो होतो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ठमे,” ते म्हणाले. लहानपणी तिला ते ठमी म्हणायचे. “त्या दिवशी ती काच मी तुझ्या हातात द्यायला नको होती.”

भिंतीवरची पाती तेवढ्यात पुन्हा जाड व्हायला लागली होती.

“काचेतून मी बघितलंच नाही, दादा. तू सांगून गेलास, काचेतूनच बघ, काच खाली ठेवू नकोस. काचेतून नुसतं काळं दिसत होतं. म्हणून तू वळल्यावर मी ती पायरीवर ठेवली आणि तसंच बघितलं. खूप वेळ बघितलं.”

“मग इतकी वर्षं?”

“आधी वाटलं, आई मारेल. मग तू शाळा सोडलीस. त्यानंतर सांगायला मला तोंडच राहिलं नाही. रोज सकाळी तुझी हातोडी सुरू झाली की वाटायचं, आज सांगावं.”

दादा स्टुलावर बसले. राग यायला हवा होता, तो कुठून आणावा हेच त्यांना कळेना. गेलेली वर्षं कुठे परत मिळणार होती. पण छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलल्यासारखा श्वास आत जात होता, आणि आपण रडतो आहोत की हसतो आहोत हे त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं. आठ वर्षांची पोर हे ओझं घेऊन आठवी-नववीच्या वयाची झाली, बाई झाली, तीस वर्षं खिडकीत बसली, आणि आपल्याला वाटत होतं की ओझं फक्त आपल्याकडे आहे. त्यांनी तिचा हात हातात घेतला. चाळण्या निवडून तिची बोटं त्यांच्यासारखीच खरखरीत झाली होती.

“पोर होतीस तू,” ते म्हणाले. “आणि मीसुद्धा.”

मग त्यांनी खडू आणला. ताईच्या हुकमाप्रमाणे दर पाच मिनिटांनी ते एका तुकड्याची कड भिंतीवर आखत गेले आणि गणितात पहिला येणाऱ्या मुलासारखे प्रत्येकापुढे नेटकी वेळ लिहीत गेले. सूर्य सुटेपर्यंत अर्धी भिंत भरली होती. शटर वर केलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. कुठे होतात, सगळ्या गावाने बघितलं आणि तुम्ही दोघं आत काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, आम्ही आठ बघितले.

खडूची चित्रं अजून भिंतीवर आहेत. पत्राही झरोक्यावरून निघालेला नाही. आत वारा येत नाही, तो काढा, म्हणून वहिनी आठवड्यातून एकदा तरी कटकट करतात. दादा हातोडी न थांबवता सांगतात की राहू दे, सत्तावीस वर्षांनी लागणार आहे. परवा नवा पंच आला. त्याच्या चाचणीसाठी त्यांनी दुसरा कोरा पत्रा घेतला, तो ताईसमोर धरला आणि पहिलं भोक तिच्या हाताने पाडून घेतलं.