निरोपाचा तास

आमचं बिऱ्हाड विंचवाचं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे दर थोड्या वर्षांनी शाळा बदलायची, मैत्रिणी बदलायच्या, आणि सामानाचा ट्रक निघताना कुणी रडायचं नाही असा आईचा दंडक. शेवटी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये स्थिरावलो तोवर मी रडायचं विसरूनच गेले होते. शेजारपाजारचे म्हणत, किती समजूतदार पोरगी. ही समजूतदार पोरगी पुढे मानसशास्त्र शिकून पेशंट बघायला लागली. दुसऱ्यांची मनं उघडायची हौस दांडगी, स्वतःच्या मनाला मात्र कुलूप.

देशात उदारीकरणाचं नवं वारं शिरलं होतं ती वर्षं. सरकारी इस्पितळात मी शिकाऊ म्हणून पेशंट बघायचे आणि दर गुरुवारी दुपारी मला शिकवणाऱ्या मॅडमसमोर बसून त्या कामाबद्दल बोलायचे. आमच्या धंद्यात याला सुपरव्हिजन म्हणतात. पेशंटशी हिंदी, कागदावर इंग्रजी, पण मॅडम पुण्याच्या असल्यामुळे आमचा तास मराठीत चाले. खोलीतला कूलर इतका घरघरायचा की महत्त्वाचं काही बोलायचं असेल तर मॅडम उठून तो बंद करत, मग आम्ही दोघी घामाघूम.

त्यांचा विषय अटॅचमेंट. लहान मूल एका माणसाच्या भरवशावर जग बघायला निघतं, आणि लागलं-खुपलं की त्याच्याकडे परत येतं. त्या माणसाकडून वारंवार काही मिळालं नाही, तर मूल मागणंच सोडून देतं. “आणि मग सगळे म्हणतात, बाळ किती शहाणं आहे,” असं म्हणून मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला रागच आला. पेशंटबद्दल बोला ना, माझ्यावर कशाला घसरता?

फरीदाबादहून माझ्याकडे एक बाई यायच्या. एकदा संपामुळे त्यांची वेळ रद्द करावी लागली. त्यांनी अजिबात त्रास करून घेतला नाही, ‘कोई बात नहीं, दीदी’ म्हणाल्या, असं मी मॅडमना जरा अभिमानानेच सांगितलं.

मॅडमनी उठून कूलर बंद केला. “किती पटकन म्हणाली?”

“लगेच.”

“मग तिला लागलंय. विचार तिला.”

विचारलं. त्या बाई ज्या रडायला लागल्या, त्या तास संपेपर्यंत थांबल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मी हे सांगितलं, तेव्हा मॅडमनी हळूच विचारलं, “आणि तुला कधी लागलं होतं?” मी ट्रकचं सांगायला लागले आणि मध्येच मला रडू फुटलं. कान सोनारानेच टोचावे लागतात म्हणतात ते खरं. त्यानंतर दोन वर्षं मी माझी भीती, माझ्या चुका, सगळं त्या खोलीत नेलं. कुणाची तरी उघडउघड वाट बघायची असते, हे मी मॅडममुळे शिकले. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

मग नोएडातल्या एका नव्या खासगी हॉस्पिटलात त्यांना मोठी जागा मिळाली. आमच्याकडे रीत अशी की कुणाला एकदम सोडून जायचं नाही. शेवटचे काही तास निरोपासाठी राखून ठेवायचे, राग असेल तर तोही बोलू द्यायचा. “आपणही तसंच करू,” मॅडम म्हणाल्या. सुरुवातीचे तास मी इकडचं-तिकडचं बोलण्यात घालवले. खरं बोलणं शेवटच्या तासासाठी ठेवलं होतं. तुम्ही जाताय याचा मला राग येतोय आणि तुमच्यावाचून मला भीती वाटतेय, एवढंच. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी ते पुटपुटत असे.

शेवटच्या तासाच्या आदल्या दिवशी घरी मॅडमचा फोन आला. “अगं, ही प्रायव्हेटवाली मंडळी ऐकायलाच तयार नाहीत. उद्यापासूनच जॉइन करा म्हणतात. आपलं तसं सगळं बोलून झालंय ना? चालेल ना तुला?”

“चालेल मॅडम, बिल्कुल चालेल.”

“मला माहीत होतं, तू समजून घेशील.”

फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. किती पटकन म्हणाले, हे त्यांना ऐकू यायला हवं होतं. परक्या बाईचं ‘कोई बात नहीं’ न ऐकताच त्यांना कळलं होतं. माझं मात्र थेट कानात पडूनही नाही. दिव्याखाली अंधार. त्या परत फोन करतील, विचारतील, म्हणून कित्येक आठवडे फोन वाजला की मीच धावायचे. आपण होऊन फोन करणं मला जमलं नाही. तेवढं शिकायचं राहूनच गेलं होतं.

पुष्कळ वर्षांनी नोएडातच एका कार्यशाळेत त्या भेटल्या. केस पांढरे झाले होते. लांबूनच हात पसरून आल्या, मला घट्ट जवळ घेतलं. सोबत त्यांच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी होती. तिला म्हणाल्या, “ही माझी सगळ्यात भक्कम विद्यार्थिनी बरं का. हिला माझी कधी गरजच लागली नाही.”

दोन वर्षं मी ज्यांच्यापुढे रडले, त्यांच्या लक्षात मी अशी राहिले होते. मुलगी माझ्याकडे आदराने बघत होती. या वेळी मी घाई केली नाही. श्वास घेतला आणि म्हटलं, “लागली होती, मॅडम. खूप लागली होती.”

मॅडम हसल्या. “बघ, नम्रही किती आहे,” असं त्या मुलीला म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला जेवायला घेऊन गेल्या.