पान आधी, पदक नंतर

वसुधाबाई तळणीकर नसत्या, तर मी आज हैदराबादच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत नसतो. दिलसुखनगरच्या एखाद्या स्पर्धापरीक्षांच्या क्लासमधून बँकेत लागलो असतो. तेही वाईट नव्हतं, पण माझं नव्हतं.

बाई आम्हाला एम.ए.ला अमेरिकन कादंबरी शिकवायच्या. त्यांच्या प्रत्येक पुस्तकाला उर्दू वर्तमानपत्राचं कव्हर असे. मुखपृष्ठावर पुरस्काराचा सोनेरी शिक्का दिसला की आपण वाचायच्या आधीच हात जोडतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी कव्हर उचकटून पाहू लागलं की म्हणायच्या, "नक्को मियाँ. पान आधी, पदक नंतर." घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं, त्यामुळे मराठीत दखनी अशी सहज मिसळायची.

मी देगलूरकडचा, मराठी शाळेतला, घरातला पहिला पदवीधर. वर्गात तोंड उघडलं की मागच्या बाकांवर हसू फुटे. पहिल्याच सत्रात मी कॉलेज सोडायचं ठरवलं. बाईंनी अडवलं नाही. एक कादंबरी हातात दिली आणि म्हणाल्या, एवढी वाच, मग खुशाल जा.

कादंबरी एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची होती. तिच्यातली माणसं बोलत ते इंग्रजी मला पानोपानी चुकलेलं दिसलं. कर्ता एकवचनी, क्रियापद भलतंच. शाळेत व्याकरणात माझा पहिला नंबर असायचा. मला वाटलं, आबिड्सच्या जुन्या पुस्तकबाजारातली, फुटपाथवरची स्वस्त प्रत, छपाईत घोटाळा झाला असणार. बाईंना मदत म्हणून सबंध पुस्तक पेन्सिलीने दुरुस्त केलं आणि अभिमानाने परत दिलं.

बाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. हसल्या नाहीत. मग विचारलं, "घरी आजी आहे?"

"आहे."

"ती 'आहे' म्हणते?"

"न्हाई," मी म्हणालो आणि जीभ चावली. "'हाय' म्हणते."

"मग तिच्या बोलण्यावर पेन्सिल चालवशील?"

त्यांनी कव्हर काढलं. आत सोनेरी शिक्का होता, तिकडच्या एका मोठ्या पुरस्काराचा. "हिने आपल्या आजीचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं रे. लाजली नाही."

दुसऱ्या दिवशी मी खोडरबर घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "राहू दे. इतक्या मनापासून हे पुस्तक वाचलंय कुणी?"

मी कॉलेज सोडून गेलो नाही. त्याच कादंबरीवर सेमिनारमध्ये बोललो, माझ्याच इंग्रजीत. मागचे बाक हसले. मी बोलत राहिलो.

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे बंगळूरला गेल्या. फोनवर आता त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून परवा हे पत्र टाकलं:

"आदरणीय बाई, सविनय वंदन.

काल वर्गातल्या एका मुलीने कथेतलं इंग्रजी लाल पेनने दुरुस्त करून आणलं. मी हसलो नाही. तिच्या घरी कोण कसं बोलतं, ते विचारलं. तास संपेपर्यंत ती आपल्या अम्मम्माविषयी, म्हणजे आजीविषयी सांगत होती. शेवटी तिनेच विचारलं, सर, ह्या लाल खुणांचं काय करू? मी तुमचंच उत्तर दिलं.

पुस्तकांना कव्हर अजून उर्दू पेपरचंच घालतो.

आजी मजेत हाय.

तुमचा,
मिलिंद"