स्वयंपाकघराच्या छताची रेघ

माझे भाऊजी रंगारी. भिंती रंगवणारे पुष्कळ असतात, पण भिंतीचा रंग संपून छताचा पांढरा सुरू होतो तिथली रेघ चिकटपट्टी न लावता नुसत्या ब्रशने ओढावी ती भाऊजींनीच. चिकटपट्टी लावणाऱ्याला ते रंगाऱ्यांत धरतच नसत. त्यांचा जोडीदार, उंचीमुळे ज्याला सगळे शिडी म्हणतात, तो रोलरने भिंती भरायचा आणि रेघा भाऊजींसाठी सोडायचा.

जन्मभर उंचावर काम केलेला हा माणूस पडला कुठे, तर घरात, स्टुलावरून. लोकांची घरं चकाचक आणि आपलं स्वयंपाकघर काळवंडलेलं, म्हणून ताई कधीची मागे लागली होती. एका सुट्टीला त्यांनी मनावर घेतलं. रेघ खिडकीपर्यंत आली, स्टूल कलंडलं आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं.

तपासणीत डोक्यात काही निघालं नाही. ताई म्हणाली, ते मला लग्नापासून ठाऊक आहे. तेव्हा आम्ही हसलो. पण महिने उलटले तरी डोकं ठणकायचं थांबेना. उजेड सोसेना, भांडं वाजलं की ते कानशिलं दाबून धरत, मान वर केली की खोली गरगरे. ताईने पडदे ओढून त्यांना नुसतं निजवून ठेवलं, त्यात ते आणखीच खंगले. शिडी अधूनमधून विचारायचा, ती अर्धी रेघ पुरी करून देऊ का? भाऊजी म्हणत, माझी रेघ आहे, मीच पुरी करीन. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचा जीव अडकला होता.

शेवटी डॉक्टरांनी व्यायामाला पाठवलं. डोकं दुखणाऱ्याला सायकल मारायला लावायची हा कुठला उपाय, असं मी तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना तोंडावर विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. फार पडून राहिल्यानेही हा त्रास रेंगाळतो. जागेवरची सायकल हळूहळू वाढवायची, भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर ठेवून मान फिरवायची, आणि डोकं आधीपेक्षा जास्त दुखू लागलं की तिथेच थांबायचं. या थांबण्यावर त्यांचा फार जोर होता.

सुरुवातीला बरं वाटलं. पडदे उघडले, भाऊजी कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ लागले. मग पुन्हा बिघडलं, जरा सावरलं, परत बिघडलं. बाई बुचकळ्यात पडल्या. एका दुपारी ताई कामावर असताना मी सहज डोकावले, तर भाऊजी घामाघूम होऊन, कपाळाला ओला रुमाल बांधून, भिंतीवरच्या अक्षराकडे बघत मान फिरवताहेत. सकाळी केलेला सगळा व्यायाम ते रोज दुपारी परत करत होते. मी तडकलेच.

"अगं, रंगाच्या एका हातात कुठलं काम पुरं होतं?" ते म्हणाले. "दुसरा हात मारायलाच लागतो."

मी तो पराक्रम तसाच बाईंच्या कानावर घातला. त्या रागावल्या नाहीत. पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारला तर काय होतं, एवढंच त्यांनी भाऊजींना विचारलं.

"रंग ओढला जातो," भाऊजी म्हणाले. "पहिलाही खराब होतो."

त्यानंतर त्यांनी एकदाही जास्तीचं केलं नाही. उजेड सोसू लागला, आवाज सोसू लागले, बाजारातून पिशवी घेऊन ते एकटे येऊ लागले. मान वर केली की येणारी चक्कर मात्र गेली नाही. पुढेमागे कमी होईल, पण उंचावर चढून वर बघत काम करायचं आता मनातून काढा, असं बाईंनी अखेर सांगितलं. माझ्या दुपारच्या व्यायामानेच हे झालं का, असं भाऊजींनी विचारलं. त्याने वेळ गेला, पण चक्कर त्याचीच असं म्हणता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. भाऊजींना ते पटलं असं मला वाटत नाही.

पुढच्या सुट्टीला त्यांनी स्वतःच शिडीला बोलावून घेतलं आणि आपला ब्रश त्याच्या हातात दिला. शिडी स्टुलावर चढला. भाऊजी खाली खुर्चीत बसले, नजर समोरच्या फरशीवर. ताई उगाचच धुतलेली भांडी पुसत होती. रेघ ओढायची सवय शिडीला कधीच नव्हती.

तो उतरल्यावर भाऊजींनी मान न उचलता विचारलं, "सरळ आली का?"

मी वर पाहिलं. खिडकीपाशी, जिथे जुनी रेघ संपत होती, तिथून नवी चांगली बोटभर खाली आली होती. दारातून सुद्धा दिसत होतं. असली रेघ भाऊजींनी एके काळी घरमालकाने पैसे देऊनही ठेवली नसती. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"सुतासारखी सरळ," ताई म्हणाली.

भाऊजींनी शिडीकडून ब्रश घेतला आणि नळाखाली धरून केसांच्या मुळापर्यंत धुतला.

"आज नीट वाळू दे," ते म्हणाले. "दुसरा हात उद्या."