‘मले’वरची लाल रेघ

परवा प्रताप नगरच्या घरी आम्ही दोघं एक सिनेमा पाहत होतो. त्यातल्या शिक्षिकेला एका हुशार विद्यार्थ्याचं वेडच लागतं. मध्येच नवरा म्हणाला, “ही तर तूच आहेस वं.” मी त्याला गप्प केलं, पण तो खोटं बोलत नव्हता.

मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. निबंधाच्या वहीत तिनं आईच्या सकाळच्या पाळीवर लिहिलं होतं: कंपनीच्या बसमागे आई कशी धावते, धावताना पिशवीत डबा कसा वाजतो. इतक्या वर्षांत असं पान माझ्या हाती आलं नव्हतं. मी लगेच यादी केली. रोज मधल्या सुट्टीत अर्धा तास सराव. शनिवारी वाचनालय. मग आंतरशालेय कथावाचन स्पर्धा. बाकी वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा कपाटात तसाच पडून होता, तो काही यादीत आला नाही.

तिच्या पानावर आई म्हणायची, “मले उशीर होऊन राहिला.” मी ‘मले’वर लाल रेघ मारली. ‘होऊन राहिला’चं ‘होतोय’ केलं, ‘काहून’चं ‘का’. चौथ्या खर्ड्यापर्यंत आई पार पुण्याची झाली. तोच खर्डा मी टाइप करून स्पर्धेला पाठवला.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली, कारखान्याच्या निळ्या कोटातच.

“मॅडम, पोरगी लिहूनच नाही राहिली. काहून वं म्हटलं, तं म्हणते मले येत नाही. मंग लगेच म्हणते, मला येत नाही.” ती जरा हसली. “आता मीबी घरी भेत भेत बोलतो.”

मधल्या सुट्टीत मी मुलीपुढे टाइप केलेली पानं ठेवली.

“चांगलं आहे, मॅडम,” ती म्हणाली. “पण हे माहं नाही. तुमचं आहे. तुम्हीच वाचा ना.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला ती सोपी सोय वाटत होती.

मी स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला. शुक्रवारपर्यंत मजकूर बदलता येईल म्हणाले. मी तिला तिची मूळ वही परत दिली. “शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवू?”

“दोनच दाखवा.”

मी दोनच दाखवल्या.

स्पर्धेत तिनं ते तिच्याच बोलीत वाचलं. बक्षीस मिळालं नाही. परतताना ऑटोत ती म्हणाली, “आता मायच्या रातपाळीचं लिहून राहिली मी. पण पुरं झाल्यावरच दाखवीन.”

दाखवायला तिनं दोन महिने घेतले. मी एकदाही विचारलं नाही.