एक जूनला जन्मलेली मुलगी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि त्यातले बरेचसे विसरलो. एका मुलीच्या जन्मतारखेचा तपास मात्र अजून पाठ सोडत नाही. तेव्हा मी भिवंडी तालुक्यातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, त्यात एक निनावी अर्ज निघाला. अंबाडीजवळच्या एका गावातली मुलगी एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या टी-ट्वेंटी स्पर्धेसाठी संघात निवडली गेली आहे, तिचा जन्मदाखला बोगस आहे, असा मजकूर. सोबत दोन झेरॉक्स. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर त्याच वर्षीच्या दिवाळीतली तारीख. त्या वर्षीच्या एक सप्टेंबरनंतर जन्मलेल्या मुलीच पात्र, असा स्पर्धेचा नियम होता. शाळेचा कागद धरला तर मुलगी तीन महिन्यांनी बाद, ग्रामपंचायतीचा धरला तर नियमात.

अर्ज कुणी केला ते मला पुढे कळलं. संघात जागा न मिळालेल्या एका मुलीचे वडील होते. पण त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं.

हवालदाराला ग्रामपंचायतीत पाठवून जन्मनोंद वही तपासली. दाखल्यावरचा नोंद क्रमांक वहीत भलत्याच मुलाचा निघाला. या मुलीची नोंदच नव्हती. तिचा बाप दापोड्याच्या एका गोदामात हमाली करायचा. त्याला शिफ्टमधूनच उठवून आणलं.

मी चौकशीत हात उगारत नसे. खुर्ची द्यायचो, चहा मागवायचो आणि गप्प बसायचो. गरीब माणूस ओरडण्यापेक्षा गप्प बसलेल्या साहेबाला जास्त घाबरतो. बापाने चहाला हातही लावला नाही.

"कागद खोटा हाय, साहेब," तो म्हणाला. "पन तारीक खोटी न्हाय. पोरगी भाऊबिजेची हाय. माजी बहीन ओवालाया आलती, तिनंच नाल कापली."

"मग शाळेत एक जून कुणी लिहिलं?"

"गुर्जींनी. आमच्या गावात समद्यांचं तेच लिवलंय. जूनात शाला सुरू व्हते, तवा सा वर्सं भरलेली दाखवाया लागतात."

"सरळ मार्गाने नोंद का नाही करून घेतली?"

"गेलतो ना, साहेब. म्हनले उशिराची नोंद हाय, वरून आदेश आना. तीन-चार म्हयने लागतील. फारम आठ दिसांत द्यायचा व्हता."

हे मला नवीन होतं असं नाही. माझी स्वतःची कागदावरची जन्मतारीख एक जूनच आहे. दारात आलेलं पोर बघायचं आणि एक जून लिहून मोकळं व्हायचं, ही खेड्यातल्या मास्तरांची जुनी रीत. दर वर्षी एकतीस मेला आमच्या खात्यातून निवृत्त होणाऱ्यांची रांग लागते ती त्यामुळेच. म्हणजे बापाचं म्हणणं कळायला मला कुणाची गरज नव्हती. पण आरोपी काहीतरी सांगतोच, असं मनाशी म्हणून मी जबाब पुरा करून घेतला.

बापाने एजंटचं नाव सांगितलं. सरकारी कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. पंचांसमक्ष झडती घेतली, तेव्हा संगणकात चार-पाच ग्रामपंचायतींचे गोल शिक्के आणि कितीतरी कोरे दाखले सापडले. पंचनामा झाला, संगणक जप्त झाला, पेपरात बातमी आली. वरिष्ठांनी फोन करून शाबासकी दिली. मी खूश होतो, ते लपवत नाही.

आरोपींची नावं लिहिताना ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या रायटरने विचारलं, "साहेब, पोरीला साक्षीदार करू या का?"

"स्पर्धेच्या फॉर्मवर सही कुणाची आहे?"

"तिचीच."

"मग झालं तर. आरोपींतच लिही."

संघ निघायला तीन दिवस होते. मुलगी सरावावरून थेट ठाण्यात आली, खांद्याला किटची बॅग तशीच. रडली नाही. म्हणाली, "साहेब, यातला एकही कागद मी बनवलेला नाही. मी नक्की कधी जन्मले, ते तरी तुम्ही शोधणार ना?"

"तपास चालू आहे," मी ठरलेलं उत्तर दिलं. वास्तविक माझ्या लेखी तपास संपला होता.

संघ तिच्याविना गेला. तिच्यावर बंदी आली. पुढे बंदीआधीच्या खेळावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं, तेही पोलीस पडताळणीत गुन्हा दिसल्यावर परत गेलं. मी यथावकाश निवृत्त झालो.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीचं समन्स आलं. माझ्या साक्षीत बचाव पक्षाच्या वकिलांनी एकच गोष्ट विचारली. दाखल्यावरची तारीख खरी आहे का, हे आपण कधी तपासलंत? मी "नाही" म्हणालो. पुढच्या तारखेलाही मी जाऊन मागे बसलो. त्या दिवशी गावची म्हातारी अंगणवाडी सेविका पिंजऱ्यात उभी राहिली. तिच्याकडे जुनं लसीकरणाचं रजिस्टर होतं. भाऊबीज, घरी बाळंतपण, मुलगी, आईचं नाव, पहिल्या डोसची तारीख, सगळं तिच्या अक्षरात. हे आधी का नाही दाखवलं, असं सरकारी वकिलांनी विचारलं.

"दाखवाया गेलते की," ती म्हणाली. "वही घेऊन ठेसनात दुपारपतूर बाकावर बसले व्हते. साहेबांनी भेट दिली न्हाय."

मला तो दिवस आठवला. गावची एक बाई भेटायला आलीय, असं ठाणे अंमलदार सांगायला आला होता. रदबदली करायला आली असेल, जायला सांग, असं मीच म्हणालो होतो.

बाप आणि एजंट दोषी ठरले, मुलगी निर्दोष सुटली. निकालाच्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेलो. ती बाहेर उभी होती, अंगात दापोड्याच्या गोदामाचं जॅकेट. तिथेच पार्सल स्कॅन करायच्या ड्युटीला असते म्हणे.

"तुझी तारीख खरी ठरली, बाळ," मी म्हणालो.

"हो, साहेब. पण स्पर्धा एकोणीसच्या आतली होती. मला तेवीस संपली." आणि शिफ्टला उशीर होतोय म्हणून ती रिक्षात बसली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या केसने काय शिकवलं, असं मुलाखत घेणारे विचारतात. बाकावर बसलेल्या माणसाला परत पाठवण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघावं, एवढं शिकलो. शिकलो तेव्हा अंगावर वर्दी नव्हती. आता माझ्या दारात कुणी काही घेऊन येत नाही.