ट्रॉलीची खिट्टी

झुंबरबाईनं लोणारचं सरोवर पाहिलंय असं कुणी सांगितलं, तर खुशाल खोटं समजा. ती लोणारला गेल्ती, हे खरं. पैठणचं धरण बघायलाही गेल्ती. पण दोन्हीकडं तिनं पाहिलं काय, तर ट्रॉलीची चाकं आन् गौऱ्यांचा धूर!

भोकरदनच्या पुढं, आडरस्त्याला तिचं गाव. धाकटा दीर बद्रीनाथ यानं ट्रॅक्टर घेतला तवापासून दिवाळी झाली की घरादाराची सहल निघायची. ट्रॉलीत कडबा, कडब्यावर सतरंजी, सतरंजीवर सासू साळूबाईपासून लेकराबाळांपर्यंत सगळे. आन् ट्रॉलीची सहल म्हणजे रोडगे पाहिजेतच. कणकेचे गोळे गौऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वरून तूप, संगं वरण आन् वांग्याची भाजी. जरा नजर हटली की रोडग्याचा कोळसा. म्हणून निखाऱ्यापाशी एक माणूस बसून पाहिजे, आन् ते माणूस म्हणजे थोरली सून. कुणी ठरवलं होतं हे? कुणीच न्हाई. सगळे उठून चालू लागायचे आन् झुंबरबाई मागं राहायची, बस. परतल्यावर ताटं मांडून बसायचे आन् वर तिलाच सांगायचे, "काय पाणी होतं म्हणता वैनी, बघायला पाहिजे होतं तुमी!"

त्या साली अजिंठ्याची लेणी ठरली. साता समुद्रापल्याडचे गोरे लोक येऊन बघून जातात, आन् शेजारच्या घाटाखाली असून झुंबरबाईला लग्नाला वीस वर्षं होऊनही लेणी माहीत न्हाईत! तिनं नवऱ्याला, पुंजारामला, आधीच बजावलं, "या खेपेला मी लेणी बघणार. चूल पेटवणार न्हाई." पुंजाराम म्हणाला, "बराबर हाय तुझं." तो सगळ्यांनाच बराबर म्हणायचा. म्हणून तिनं स्वतःच बंदोबस्त केला. टोपलंभर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे. रांधायचं कामच ठेवलं न्हाई.

सिल्लोड गेलं, घाट उतरला, आन् लेण्यांच्या पायथ्याशी लिंबाखाली ट्रॅक्टर थांबला. बद्रीनाथनं सतरंजी उचलली. कडब्याखालून निघालं गौऱ्यांचं पोतं. मंग कणीक. मंग वांगी.

"हे काय भावजी?" झुंबरबाईचा आवाज चढला.

"सहलीला येऊन शिळ्या दशम्या खायच्या का, वैनी? तुमी रोडगे टाका. आमी आलोच जल्दी."

"आन् लेणी?"

"दगडच तर हायेत. आपल्या रानात काय कमी दगड हायेत?"

सगळे हसले. साळूबाई सुद्धा हसली. झुंबरबाईनं पुंजारामकडं पाहिलं, तर तो वाकून चप्पल झटकत होता. मेलं, दगडच असतील तर तुम्ही कशाला चाललात नटूनथटून?

पोराबाळांसकट सगळे गेले. झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं खसकन पुसलं. गौऱ्यांच्या पोत्याकडं पाहिलं. मंग उठली, ट्रॉलीच्या चाकांना मागंपुढं दगड लावले आन् ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी ती हातभर लोखंडी खिट्टी उपसून काढली. पदरात गुंडाळून कमरेला खोचली. आता न्या म्हणावं ट्रॉली कुठं न्यायची ती! तिकीट काढून ती बाई पायऱ्या चढू लागली.

तिनं सावकाश पाहिलं. अंधारात दिव्याच्या उजेडात रंगवलेल्या बाया पाहिल्या, त्यांच्या बोटांत धरलेली फुलं पाहिली. एका लेण्यात उशीवर हात ठेवून निजलेले बुद्धदेव होते, भिंतभर लांब. तिनं हात जोडले आन् कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली. तिला कुणी ऊठ म्हणालं न्हाई. या भल्या थोरल्या गारव्यात आपण याआधी का आलो न्हाई, या विचारानं तिला पुन्हा नव्यानं संताप आला.

उतरली तवा ऊन कलतं झालं होतं. लिंबाखाली नुसता कल्ला. लेकरांनी दशम्यांचं टोपलं फस्त केलं होतं. बद्रीनाथनं खिट्टीच्या जागी बाभळीचा दांडका घालून पाहिला होता, तो काडकन मोडला होता.

"खिट्टी कुठंय वैनी?" तो ओरडला.

"माझ्यापाशी."

"द्या मंग! घाट चढायचाय. आन् रोडगे कुठंयत? आमी उपाशी हाव!"

"गौऱ्या हायेत. कणीक हाय. वांगी तुमीच आणलीत."

"अगं, पण करणार कोण?" साळूबाई म्हणाली.

झुंबरबाई सतरंजीवर ऐसपैस बसली. "तेच इचारून राह्यले मी, आत्याबाई. इतकी वर्षं एका माणसानं धूर खाल्ला. आज दुसऱ्यानं खावा. खायचा नसंल तर मुक्काम इथंच. मला काय, उद्या सकाळी पुन्हा लेणी बघते."

मंग पुंजारामनं धोतर खोचलं, गौऱ्यांचं पोतं ओढलं आन् खाली मान घालून म्हणाला, "मला रोडगे येत न्हाईत."

"शिका," झुंबरबाई म्हणाली. "आधी गौऱ्या उभ्या रचा. आन् भावजी, तुमी कणीक मळा."

पहिला रोडगा एका बाजूनं कच्चा, दुसरीकडून कोळसा. झुंबरबाईनं तो सगळा खाल्ला. मंग हात धुतले, आन् कमरेची खिट्टी काढून दिली.