विनंती थांबा

मुलानं कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा सोबत लोखंडी जाळीचा एक घडीचा पिंजरा होता आणि एक कागद. कागदावर वेळा लिहिलेल्या: उठल्याबरोबर बाहेर, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी बाहेर, खेळून झालं की बाहेर, मधल्या वेळात पिंजऱ्यात झोप. पुण्याला फ्लॅटमध्ये राहणारे तो आणि सूनबाई दोघंही दिवसभर ऑफिसात, आणि पिल्लानं सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोनदा घाण केलेली. "दोन महिने ठेवा, बाबा. शिकला की घेऊन जातो," असं म्हणून दुसऱ्या दिवशी मुलगा गेलाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, सगळी नोकरी कारंजा डेपोत गेली. आणि हा मला वेळापत्रक शिकवतो! तरी कागद फ्रिजवर चिकटवला. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात वेळ पाळावी असं काही उरलंच नव्हतं. कधी दोनला जेवायचो, कधी मुरमुऱ्यावर भागवायचो. फार एकटं वाटायचं. टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायचो, बघायचो मात्र नाही.

पिल्लाचं इंग्रजी नाव काही माझ्या तोंडात बसेना. मी त्याला प्रवासी म्हणू लागलो आणि पिंजऱ्याला डेपो. शेजारच्या वहिनींना हा प्रकार पटला नाही.

"भाऊ, मुक्या जिवाले कोंडून काहून ठेवता?"

"कोंडत नाही वहिनी. कुत्रं झोपते तिथं घाण नाही करत. बाहेर नेईपर्यंत धरून ठेवाले शिकते."

"इतकं त आपण आपल्या लेकरायले नाही शिकवलं," वहिनी म्हणाल्या आणि तरीही रोज अर्धी पोळी घेऊन यायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी खास कंडक्टरची चूक केली. साडेदहाची फेरी होती आणि हा दहा-दहालाच जाळीला नाक लावून रडायला लागला. मी घड्याळ दाखवून म्हणालो, "मधी थांबा नाही." पाच मिनिटांत त्यानं आपल्याच गोधडीवर केलं आणि कोपऱ्यात तोंड घालून बसला. मला माझीच लाज वाटली. धनज गावाच्या अलीकडं एका म्हाताऱ्यानं लघवीला जायचं म्हणून असंच हात जोडून गाडी थांबवा म्हटलं होतं, आणि मी "आलंच धनज" म्हणत तिकिटं फाडत राहिलो होतो. पुढं काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी डेपोचं दार उघडं टाकलं आणि घराच्या दाराच्या कडीला दोरीनं एक घंटी बांधली. घंटीला नाक लागलं की लगेच दार उघडायचं, वेळ कोणतीही असो. एसटीच्या पाटीवर असतो ना, हात केला की गाडी थांबते, तसा विनंती थांबा.

महिन्याभरात पठ्ठ्या तयार झाला. घंटी वाजवायचा, अंगणात जायचा, आपणहून डेपोत येऊन झोपायचा. त्याच्या वेळा सांभाळता सांभाळता माझं जेवणही बाराला होऊ लागलं. पोळीचा तुकडा त्याला टाकायचा तर पोळी करावी लागे.

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. "शिकला काय तो?"

"नाही ना. अजून घरातच करून राह्यला."

पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा जीभ अडखळली. मग सवय झाली. शिकला म्हटलं की तो जाणार, आणि मला तो जायला नको होता.

दोन महिने भरत आले तसा एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ द्या. तुमाले उगाच तरास. केनवडले माह्या दोस्ताचं वावर हाये, तिथं राखणीले देऊन टाकतो."

माझं धाबंच दणाणलं. गोधडीवर झोपणारं हे बाळ शेतात बांधलं जाणार, तेही माझ्या खोट्या बोलण्यानं!

"शिकला तो," मी म्हणालो. "महिना झाला शिकून. मी खोटं बोललो."

"काहून?"

"आवाज नाही येऊन राह्यला तुया," म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी मुलगा आला. फाटकात त्याचा आवाज ऐकताच प्रवासी बाणासारखा धावला, त्याच्याभोवती गरगर फिरला, आणि फरशीवर, थेट त्याच्या बुटावर, धार सोडली.

"बाबा! हा त काहीच नाही शिकला!"

उत्तर माझ्या ओठावर होतं. नाहीच शिकला, राहू दे इथंच, एवढं म्हणायचा अवकाश, तो ऐकणार होता. पिल्लू मान वर करून त्याच्याकडंच बघत होतं. माझ्यासाठी ते असं कधी वेडं झालं नव्हतं.

"शिकला हाये," मी म्हणालो. "हे खुशीचं हाये. तुले पाहून झालं त्याले. घेऊन जाय."

मी फडकं आणलं आणि फरशी पुसली. दोन महिन्यांनी पोराचं तोंड पाहत होतो, मलाही तेवढाच आनंद झाला होता. पण मी त्याला 'च्या घेतं काय' एवढंच विचारलं.